पानातले औषध

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा आपण शाळेत निळी गोळी देतो. जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नको, अशा सूचनाही देतो. पाकिटावर 'लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड' असे छापलेले असते. लोह म्हटले की मुलांना रक्त आठवते, कारण ते पाठ्यपुस्तकात असते. पण फॉलिक अ‍ॅसिड कशासाठी, असे एखाद्या मुलीने विचारले तर?

उत्तराची सुरुवात फार दूर नाही. वसईहून लोकलने तास-सव्वा तासात आपण परळला पोहोचतो. तिथल्या हाफकिन संस्थेत या गोष्टीचा पहिला भाग घडला आणि तो घडला मुंबईतल्या गरीब बाळंतिणींमुळे.

१९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तिचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला तिने आधी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकले, मग लंडनला वैद्यकी. तिला बोलावले होते डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी. मुंबईत गरोदर बायका मोठ्या संख्येने दगावत होत्या आणि त्यामागचे एक मोठे कारण होते रक्तक्षय. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांत तो विशेष दिसे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, पायांवर सूज येई. काही जणी बाळंतपणात जात, तर बाळंतपण निभावले तर काही जणी आपोआप सुधारतही.

हा काळ ध्यानात घ्यायला हवा. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला तो १९२९ साली. तोपर्यंत गिरणीतली बाई घरी बसली की मजुरी बंद.

या बायकांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसे. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. असे रक्त 'घातक पांडुरोग' या दुसऱ्या आजारात दिसते. त्यावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय १९२६ साली अमेरिकेत सापडला होता. मग मुंबईतला आजार तोच होता का? की एखाद्या जंतूमुळे होत होता?

विल्सने सुरुवात प्रयोगशाळेबाहेरून केली. कोण काय खाते, कुठे राहते, घरात उजेड किती, याची पाहणी झाली. डॉ. एम. एम. मेहता आणि डॉ. एस. एन. तळपदे हे तिचे इथले सहकारी. १९३० साली हे काम छापून आले. पाहणीतून दिसले ते असे: सुस्थितीतल्या घरांत हा आजार क्वचित, तर जिथे आहार सर्वांत निकृष्ट, तिथे सर्वांत जास्त. गरीब मुसलमान घरांतल्या बायकांत त्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले. म्हणजे शोध जंतूंपेक्षा जेवणात घ्यायला हवा होता.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुढचे प्रयोग उंदरांवर झाले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या गाभण उंदरांना रक्तक्षय झाला, यीस्ट दिले तर तो टळला. झाले, सापडले! असे वाटत असतानाच कळले की उंदरांना उवा झाल्या होत्या. त्यांतून होणाऱ्या संसर्गानेही रक्त कमी होऊ शकते. निष्कर्ष डळमळला. विल्सने तो तसाच पुढे रेटला नाही. माकडांवर नव्याने प्रयोग केले. गरीब बायकांच्या आहारासारखा आहार दिल्यावर माकडांनाही मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. विज्ञानात चूक होणे वेगळे आणि चूक लपवणे वेगळे, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

हा यीस्टचा अर्क म्हणजे 'मार्माइट'. बिअर तयार करताना उरलेल्या यीस्टपासून बनवलेला, पावाला लावून खायचा, काळपट, खारट पदार्थ. महागड्या यकृतापेक्षा पुष्कळ स्वस्त. विल्सने तो आजारी गरोदर बायकांना दिला आणि त्या सुधारल्या. १९३१ साली तिने हे जाहीर केले. पुढच्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. यकृताचा शुद्ध केलेला अर्क घातक पांडुरोगावर चाले, पण या आजारावर नाही. यकृताचा कच्चा अर्क मात्र चाले. म्हणजे हा आजार वेगळा आणि त्यावरचा पदार्थही वेगळा. त्या अनोळखी पदार्थाला 'विल्स घटक' असे नाव पडले.

तो पदार्थ कोणता, हे कळायला दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कित्येक टन पालकातून एक आम्ल वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून ते फॉलिक आम्ल. १९४५ साली ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आले. ते करणाऱ्या लेडर्ले कंपनीच्या संशोधनाची धुरा होती येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाकडे.

हे आम्ल करते काय? पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. ती तयार करायला फॉलिक आम्ल लागते. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी सतत तयार होत असतात. फॉलिक आम्ल अपुरे असेल तर पेशी वाढत राहते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून पेशी थोड्या आणि मोठ्या. गरोदर बाईच्या पोटात तर एक पूर्ण शरीर घडत असते, तेव्हा तिची गरज वाढते. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया पहिल्या महिन्याभरातच घातला जातो, बहुधा दिवस गेल्याचे कळण्याआधीच. या काळात फॉलिक आम्ल मिळाले तर त्यातले अनेक जन्मदोष टळतात, हे १९९१ साली मोठ्या चाचणीने सिद्ध झाले. आता कळेल, किशोरवयीन मुलींना ही गोळी आधीपासून का द्यायची.

भारतात गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. आज गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस गोळी द्यायची असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्याकडे याचे मुख्य कारण लोहाची कमतरता आहे. पण फॉलिक आम्ल आणि ब-१२ यांचाही त्यात वाटा आहे.

औषध सापडले, स्वस्त झाले, मग अडले कुठे? वसईतच पाहू. वसईच्या वाड्यांतला भाजीपाला पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या बाजारात जातो. त्याच तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांत गरोदर बायकाही असतात. त्यांचे नाव गावच्या अंगणवाडीत, तपासणी गावच्या उपकेंद्रात, आणि त्या स्वतः इथे, चिखल तुडवत. गावात मिळणारा गरम आहारही गावातच राहतो. २०१५ साली सुरू झालेली अमृत आहार योजना आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देते. भट्टीवरच्या मुक्कामात ते कुठून मिळणार? शेजारच्या वाडीत पालक-माठ हिरवागार असतो, पण तिच्या ताटात बहुधा भात आणि मिरची.

विल्सने शंभरेक वर्षांपूर्वी हेच पाहिले होते. ही बाई काय खाते, हे विचारल्याशिवाय तिचा आजार कळत नाही. आणि आज, ती कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय तिच्यापर्यंत गोळी जात नाही. यात शिक्षकाचा संबंध येतो. भट्टीवरचे मूल मध्येच शाळेत दाखल होते. त्याच्या घरी कुणी गरोदर आहे का, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणले आहे का, एवढे विचारून जवळच्या अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना निरोप द्यायला पाच मिनिटे लागतात.

वर्गासाठी एक काम. मुलांनी आपल्या घरी आणि शेजारच्या चार घरी विचारावे: आठवड्यात पालेभाजी किती वेळा होते? चिरण्याआधी धुतात की नंतर? उकडल्यावर पाणी ठेवतात की ओततात? फॉलिक आम्ल पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्याने नष्ट होते. ओतलेल्या पाण्याबरोबर काय जाते, ते मुलांनीच सांगावे. आणि शेवटी हेही विचारावे: घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते आणि तिच्यासाठी भाजी किती उरते?