अणुअपघात आणि शारीरिक हानीची भरपाई

अबुधाबीतील बराका अणुवीज केंद्राच्या चारही अणुभट्ट्या २०२४ पासून कार्यरत आहेत. अपघात घडल्यास लागू होणारा संयुक्त अरब अमिरातीचा कायदा २०१२ चा आहे. त्यानुसार दायित्व केवळ केंद्रचालकाचे असते आणि पीडिताला त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मात्र इजा त्या अपघातामुळेच झाली, हे दाखवावे लागते. दायित्वाची कमाल मर्यादा ४५ कोटी विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) इतकी आहे.

किरणोत्सारजन्य कर्करोग अनेक वर्षांनी प्रकटतो. म्हणून मृत्यू वा शारीरिक इजेच्या दाव्यास अपघातापासून ३० वर्षांची मुदत आहे. हानीची जाणीव झाल्यावर मात्र तीन वर्षांत दावा करावा लागतो. तारापूरसारख्या केंद्रांसाठी भारताच्या २०१० च्या कायद्याने हीच मुदत २० वर्षे ठेवली होती.

अमिरातीने स्वीकारलेला व्हिएन्ना करार राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करू देत नाही. त्यामुळे दुबईच्या करामातील मराठी कुटुंबाचा हक्क स्थानिक नागरिकाइतकाच आहे. तथापि, मायदेशी परतल्यानंतर येथील वास्तव्याचे व वैद्यकीय तपासण्यांचे पुरावेच कामी येतील. ते जपून ठेवणे इष्ट.