धर्मप्रसाराचा हक्क आणि विश्वस्तांचें दप्तर



महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं आपण ज्या पूर्वजांचें कृतज्ञतेनें स्मरण करतों, त्यांनीं वेदी उभारली, शाळा काढली, मृतांसाठीं भूमि राखली. परंतु या सर्वांवर राज्याच्या कायद्याचें जें छत्र आहे, तें कोणीं व कशा रीतीनें उभारलें, याचा विचार आपल्यांत क्वचितच होतो. तें छत्र आपोआप आलेलें नाहीं व आपोआप टिकणारेंहि नाहीं. म्हणून त्याची हकीगत या स्मरणिकेंत थोडक्यांत नमूद करणें उचित होईल.

भारताची घटना समिति ९ डिसेंबर १९४६ रोजीं दिल्लींत प्रथम भरली. मूलभूत हक्क व अल्पसंख्याक यांच्या प्रश्नांसाठीं सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालीं एक सल्लागार समिति नेमण्यांत आली, आणि तिच्या अल्पसंख्याक उपसमितीचें अध्यक्षपद बंगालचे ख्रिस्ती विद्वान् डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी यांजकडे आलें. मद्रास प्रांतांतून येशूसंघाचे फादर जेरोम डिसूझा हेहि घटना समितीचे सभासद होते. ख्रिस्ती सभासदांची संख्या अल्प होती. मतांच्या बळावर कांहीं मिळविणें त्यांना शक्य नव्हतें. जें मिळवावयाचें, तें इतरांच्या न्यायबुद्धीस आवाहन करूनच.

मोठा वाद झाला तो एका शब्दावर. धर्म मानण्याचा व आचरण्याचा हक्क बहुतेकांस मान्य होता. परंतु धर्माचा ‘प्रसार’ करण्याचा हक्क घटनेंत असावा काय, याविषयीं तीव्र मतभेद होता. ६ डिसेंबर १९४८ रोजीं मसुद्याच्या १९ व्या कलमावरील चर्चेंत ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनीं या शब्दास कडाडून विरोध केला. त्या काळची स्थितिहि ध्यानांत घेतली पाहिजे. फाळणीची जखम ताजी होती, आणि धर्माच्या नांवानें देश पुन्हा दुभंगेल अशी भीति अनेकांच्या मनांत होती. मुंबईचे कन्हैयालाल मुनशी यांनीं उत्तर दिलें कीं, हा शब्द अल्पसंख्याकांशीं झालेल्या समेटाचें फळ आहे. हिंदी ख्रिस्ती समाज त्याचा आग्रह धरतो तो आक्रमणासाठीं नव्हे, तर प्रसार हें त्याच्या धर्मतत्त्वाचेंच अंग आहे म्हणून. मद्रासचे टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं सांगितलें कीं, आपण सुमारें १४ वर्षें ख्रिस्ती संस्थांत शिकलों, तरी आपला धर्म बदलण्याचा प्रयत्न कोणीं केला नाहीं. अखेर तो शब्द कायम राहिला. आपल्या हक्काची बाजू मांडणारे हे दोघेहि हिंदु होते, आणि त्यांतील एकाचा पुरावा म्हणजे ख्रिस्ती शिक्षकांची सचोटी, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

पुढच्याच वर्षीं या विश्वासास ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं साजेसें उत्तर दिलें. १९४७ सालच्या अहवालांत हिंदी ख्रिस्ती समाजासाठीं मध्यवर्ती विधिमंडळांत, तसेंच मद्रास व मुंबई प्रांतांत राखीव जागा सुचविण्यांत आल्या होत्या. मे १९४९ मध्यें धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचें ठरलें, आणि त्या कामीं डॉ. मुखर्जी यांनीं पुढाकार घेतला. राजकीय संरक्षण सोडावें आणि श्रद्धेचें स्वातंत्र्य राखावें, असा तो मार्ग होता.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अंमलांत आली. तिचें २५ वें कलम सर्व व्यक्तींस सद्सद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतें. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत. २६ व्या कलमानें धर्मपंथांस संस्था स्थापण्याचा, धार्मिक बाबींत आपला कारभार पाहण्याचा व मालमत्ता धारण करण्याचा हक्क मिळाला. ३० व्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा. परंतु मालमत्तेचा कारभार ‘कायद्यानुसार’ करावयाचा, असेंहि २६ वें कलम स्पष्ट सांगतें.

या ‘कायद्यानुसार’ शब्दाचा अर्थ लवकरच न्यायालयापुढें आला. मुंबई राज्याच्या १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याविरुद्ध जैन व पारशी विश्वस्तांनीं दाद मागितली. १८ मार्च १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, नोंदणी, हिशेब व तपासणी यांचें बंधन राज्य घालूं शकतें. परंतु धर्मादाय आयुक्तास धार्मिक संस्थेचा विश्वस्त करणारी तरतूद घटनाबाह्य होय, आणि मूळ धर्महेतु साध्य होण्याजोगा असतां त्या हेतूचा पैसा अन्यत्र वळवितां येणार नाहीं. जैन व पारशी बंधूंनीं लढविलेल्या या दाव्याचा लाभ आपल्या ख्रिस्तमंदिरांसहि मिळाला.

दुसरा निर्णय अधिक कठीण आहे. बळ, कपट वा प्रलोभन यांनीं होणारें धर्मांतर रोखण्यासाठीं ओरिसानें १९६७ सालीं व मध्य प्रदेशानें १९६८ सालीं कायदे केले. रेव्ह. स्टॅनिसलॉस यांच्या प्रकरणीं १७ जानेवारी १९७७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते वैध ठरविले. आपलीं धर्मतत्त्वें समजावून सांगणें हा प्रसाराचा हक्क होय, दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क त्यांत येत नाहीं, कारण ऐकणाऱ्यासहि तितकेंच विवेकस्वातंत्र्य आहे, असें न्यायालयाचें म्हणणें. घटनातज्ज्ञ होरमसजी सीरवाई यांनीं या निर्णयावर कठोर टीका केली. तथापि एक गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीशीं जुळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रांत, श्रद्धेचा प्रसार करतांना जुलूम वा अयोग्य मन वळवणी, विशेषतः गरीब व अशिक्षितांच्या बाबतींत, टाळावी असें बजावलें आहे.

यावरून धर्मगुरु व विश्वस्त यांनीं काय बोध घ्यावा? जो प्रौढ स्वेच्छेनें बाप्तिस्मा मागतो, त्याची शिकवणी शांतपणें व पुरेशा अवधीनें व्हावी, त्याचा अर्ज त्याच्याच शब्दांत असावा, आणि मदतीच्या धान्याचा वा शाळाप्रवेशाचा त्याच्याशीं लवमात्र संबंध नसावा. त्या राज्यांत कायद्यानें सूचना देणें आवश्यक असल्यास ती वेळेवर द्यावी. विश्वस्त बदलले कीं ९० दिवसांत तसा अहवाल धर्मादाय कचेरींत दाखल व्हावा. संस्थेची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वीं धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी. हिशेब दरसाल ३१ मार्चला पुरे करून तपासून घ्यावेत. शाळा सरकारी मदत घेत असेल, तर पालकांच्या संमतीवांचून इतर धर्मीयांच्या मुलांस धर्मोपदेशाच्या तासाला बसवूं नये. २८ वें कलम तसें सांगतें.

हीं कामें कोणास रुक्ष वाटतील. परंतु ज्या दिवशीं कोणी आपल्या हेतूविषयीं शंका घेईल, त्या दिवशीं स्वच्छ दप्तर हाच आपला पहिला साक्षीदार ठरेल. घटना समितींत आपली बाजू मांडणाऱ्या त्या गृहस्थानें जसा आपल्या शाळेच्या वर्गाचा दाखला दिला, तसाच दाखला आपल्याविषयीं पुढील पिढीस देतां यावा, अशी आपली वर्तणूक असो. परमेश्वर आपल्या धर्मगुरूंस, विश्वस्तांस व सर्व कुटुंबांस तशी सुबुद्धि देवो.