प्रकाश आणि वीज : डेटा स्विचमधील सरकत्या सीमेचा इतिहास

गेल्या अर्धशतकातील संदेशवहनाचा इतिहास बहुधा प्रकाशतंतूने तांब्याच्या तारेवर मिळवलेल्या विजयाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु ज्या यंत्रात अनेक मार्गांनी आलेली माहिती एकत्र येते आणि जिथून तिचा प्रत्येक तुकडा आपापल्या मार्गाला लावला जातो, त्या स्विचच्या बाजूने पाहिले तर हा विजय कधीच पूर्ण झालेला दिसत नाही. स्विचमध्ये प्रकाश आणि वीज प्रारंभापासून शेजारी नांदत आल्या आहेत. बदलत गेली ती त्यांच्यामधील सीमा, आणि या सीमेच्या सरकण्यातच स्विचच्या घडणीचा खरा इतिहास सामावलेला आहे.

या सहवासाचे मूळ दोन्ही माध्यमांच्या प्रकृतीत आहे. तांब्याच्या वाहकातून जाणारा विद्युतसंकेत जसजसा वेगवान होतो, तसतसा प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो, भोवतालचे विद्युतरोधक द्रव्य अधिकाधिक ऊर्जा शोषून घेते, आणि त्यामुळे वेग वाढला की संकेत जाऊ शकेल ते अंतर घटते. काचेच्या तंतूतील प्रकाशाला ही अडचण नाही. उत्तम तंतूत किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी शक्ती खर्च होते, मग त्या प्रकाशावर सेकंदाला किती बिट स्वार आहेत याला फारसे महत्त्व उरत नाही. मात्र प्रकाशाला थांबवून ठेवता येत नाही, आणि स्विचला तर थांबवल्यावाचून काम करता येत नाही. माहिती ज्या छोट्या गठ्ठ्यांत विभागून पाठवली जाते त्यांना पॅकेट म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेटच्या अग्रभागी त्याचा पत्ता असतो. दोन पॅकेटे एकाच क्षणी एकाच दाराने बाहेर पडू पाहतात, तेव्हा एकाचा पत्ता वाचून होईपर्यंत व दुसऱ्याची वाट मोकळी होईपर्यंत कोणीतरी स्मृतीत थांबलेच पाहिजे. विद्युतभार लहानशा धारित्रात साठवता येतो. प्रकाशाला थोपवण्याचा व्यवहार्य उपाय म्हणजे त्याला तंतूच्या वेटोळ्यात फिरवत ठेवणे. सेकंदाला १० अब्ज बिट या वेगाने येणारे १५०० बाइटांचे एक पॅकेट उतरायला १.२ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ प्रकाश अडकवून ठेवायला सुमारे २४० मीटर तंतू लागतो. हजारो पॅकेटांची रांग सांभाळणाऱ्या यंत्रात हा मार्ग का चालला नाही, हे या एका हिशेबावरून स्पष्ट होते.

प्रकाशतंतूची दूरसंचारातील वाटचाल सुरू झाली ती १९६६ मध्ये, जेव्हा इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरमागील शक्तीची घट २० डेसिबलपर्यंत खाली आणून तंतू दूरध्वनीच्या कामी येईल असे दाखवून दिले. मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी त्यापूर्वीच, १९५४ मध्ये, हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले होते. परंतु ते अंतर लहान होते आणि हेतू वेगळा. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी २० डेसिबलची मर्यादा ओलांडली, आणि त्याच वर्षी साध्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसर रशियात झोरेस अल्फेरोव यांच्या व अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील इझुओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांच्या हातून सिद्ध झाला. तंतू आणि लेसर यांची ही एकाच वर्षी पडलेली गाठ पुढील साऱ्या घडामोडींचा पाया ठरली.

तरीही या पहिल्या पिढीत प्रकाशाला थोड्या थोड्या अंतरावर विजेची मदत घ्यावी लागे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या टॅट-८ या पहिल्या अटलांटिकपार प्रकाशतंतू केबलमध्ये समुद्रतळाशी ठराविक अंतरावर पुनर्निर्माण यंत्रे होती, जी क्षीण झालेला प्रकाश विजेत बदलत, संकेत स्वच्छ करत आणि नव्या लेसरने पुन्हा प्रकाशात आणत. प्रकाश-वीज-प्रकाश या तिहेरी रूपांतराचा खर्च प्रत्येक टप्प्यावर मोजावा लागे. १९८७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बियम हे दुर्मिळ-मृदा गटातील मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूत प्रकाशाला विजेत न बदलता थेट बळकटी देणारे प्रवर्धक बनवले, आणि सीमा प्रथमच मोठ्या अंतराने सरकली. प्रवर्धकाला एकाच तंतूतील अनेक तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाचे अनेक रंग, एकदमच बळकट करता येत असल्यामुळे एका तंतूवर डझनावारी स्वतंत्र प्रवाह चालवणे परवडू लागले. १९९७ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याला जोडली गेलेली फ्लॅग केबल या प्रवर्धकांच्याच पिढीतली. आता मार्ग सारा प्रकाशाचा झाला होता, आणि वीज उरली होती ती दोन्ही टोकांच्या यंत्रांत.

टोकांवरूनही विजेला हटवण्याचा प्रयत्न १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या जोमाने झाला. ल्युसेंट कंपनीने १९९९ मध्ये जाहीर केलेल्या लॅम्डाराउटर या यंत्रात सिलिकॉनवर कोरलेले, दोन अक्षांवर कलणारे सूक्ष्म आरसे होते, जे २५६ तंतूंपैकी कोणत्याही तंतूतून आलेला किरण हव्या त्या तंतूकडे वळवत. २००० मध्ये नॉर्टेल या कंपनीने आरशांवरच काम करणारी झ्रोस ही लहान कंपनी सव्वातीन अब्ज डॉलरच्या समभागांना विकत घेतली. दूरसंचार व्यवसायाचा फुगा लवकरच फुटला आणि २००२ मध्ये ल्युसेंटने ते यंत्र बंद केले. या अपयशाचे खापर सहसा बाजारावर फोडले जाते, आणि ते काही अंशी योग्यही आहे. परंतु खोलवरचे कारण असे की आरसा रेल्वेच्या सांध्यासारखे काम करतो. सांधा बदलला की पूर्ण गाडी नव्या रुळावर जाते, पण डब्यातील प्रत्येक प्रवाशाला त्याच्या गावी पोचवणे सांध्याच्या हाती नसते. आरसा कलायला काही मिलिसेकंद लागतात, त्याला पत्ता वाचता येत नाही, आणि तेव्हाच्या जाळ्यांना तर पॅकेटागणिक निवड हवी होती. यंत्रात खोट नव्हती. त्याला ज्या जागी उभे केले होते ती जागा त्याची नव्हती.

याच काळात विद्युतस्विच कार्यालयांच्या जाळ्यांत शांतपणे वाढत होता. कॅलिफोर्नियातील कल्पना या कंपनीने १९९० मध्ये इथरस्विच बाजारात आणला, चारच वर्षांनी सिस्को कंपनीने ती विकत घेतली, आणि १९९८ मध्ये सेकंदाला एक अब्ज बिटांचे गिगाबिट इथरनेट मानक झाले. या टप्प्यावर एक निर्णय असा झाला, ज्याचे महत्त्व इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही. प्रकाश व वीज यांचे रूपांतर करणारा भाग, म्हणजे ट्रान्सीव्हर, स्विचच्या आत कायमचा न बसवता समोरच्या पट्टीवरील खाचेत सरकवता व काढता येईल असा ठेवण्यावर अनेक उत्पादकांनी परस्परांत सहमती केली. आधी जीबिक आणि नंतर त्याहून लहान एसएफपी हे आकार त्यातून रूढ झाले. त्यामुळे दोन्ही माध्यमांची सीमा एका प्रमाणित खाचेत येऊन स्थिरावली आणि स्विच विकत घेणाऱ्याला खाचेगणिक निवड करता येऊ लागली: एकाच रॅकमधील यंत्रांना दोन-तीन मीटरची तांब्याची केबल, दूरच्या रॅकला प्रकाशतंतू. आजही अनेक डेटा सेंटरांमध्ये एकाच स्विचच्या पट्टीवर हे दोन्ही प्रकार शेजारी दिसतात.

बाजूला पडलेले आरसे परत आले ते २०१० मध्ये. त्या वर्षीच्या सिगकॉम या संगणकजाळ्यांवरील परिषदेत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने हेलिऑस, तर राइस व कार्नेगी मेलन या विद्यापीठांशी निगडित गटाने सी-थ्रू ही रचना मांडली, आणि दोन्हींचा गाभा एकच होता. डेटा सेंटरमधील बरीचशी वाहतूक मोजक्या जोड्यांमधील दीर्घकाळ चालणाऱ्या मोठ्या प्रवाहांची असते, तर उरलेली असंख्य लहान, क्षणिक संदेशांची. तेव्हा मोठे प्रवाह आरशांच्या स्विचवरून न्यावेत आणि लहान संदेश पॅकेट वाचणाऱ्या विद्युतस्विचवरून. वाहतुकीचा अंदाज घेऊन आरसे कधी कलवायचे हे संगणकप्रणाली ठरवी. प्रकाशाने विजेची जागा घ्यावी हा हट्ट येथे सुटला आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीचे काम मिळाले. या इतिहासातील सर्वांत समंजस पाऊल हेच म्हणावे लागेल.

हेलिऑसच्या गटातील अमीन वाहदत पुढे गूगलमध्ये गेले, आणि त्या कंपनीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार तिच्या ज्युपिटर या जाळ्यातील सर्वांत वरचा विद्युतस्विचांचा थर काढून तेथे १३६ दारांचे, पॅलोमार नावाचे आरशांचे स्विच बसवण्यात आले. विजेचा वापर ४१ टक्क्यांनी आणि भांडवली खर्च ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यात म्हटले आहे. आरसा रंग वा वेग पाहत नसल्यामुळे ट्रान्सीव्हरची नवी पिढी आली तरी तोच स्विच चालू राहतो, हा त्याचा मोठा लाभ. त्याच कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेल्या चौथ्या पिढीच्या टीपीयू महासंगणकात ४०९६ चिपा असून त्या ६४-६४ च्या घनाकार गटांत मांडल्या आहेत. गटाच्या आतील जोडण्या तांब्याच्या, तर गटागटांमधील जोडण्या प्रकाशाच्या आणि ४८ आरसे-स्विचांतून जाणाऱ्या आहेत. एखादा गट बिघडला तर आरसे कलवून दुसरा गट त्याच्या जागी जोडता येतो.

दरम्यान पट्टीवरील खाचेत स्थिरावलेली सीमा पुन्हा सरकू लागली, आणि याला कारण ठरला विद्युतस्विचचाच विक्रमी वेग. ब्रॉडकॉम या कंपनीच्या एका स्विच-चिपची क्षमता २०१० मध्ये सेकंदाला ६४० अब्ज बिट होती, ती २०२२ मध्ये ५१.२ लाख कोटी बिटांवर, म्हणजे ८० पट झाली. एवढ्या वेगाला चिपपासून पट्टीपर्यंतचा काही इंचांचा छापील तांब्याचा मार्गही दूरचा वाटू लागला, कारण तेवढ्यात खराब झालेला संकेत सावरण्यासाठी दोन्ही टोकांना वीजखाऊ मंडले लावावी लागतात. चिपच्या दारातच प्रकाश आणावा हा विचार जुना आहे. १९८४ मध्ये जोसेफ गुडमन व सहकाऱ्यांनी तो सविस्तर मांडला होता. त्याला साधन मिळाले सिलिकॉनमध्येच प्रकाश खेळवण्याच्या तंत्राचे. विद्युतभारांची संख्या बदलली की सिलिकॉनचा अपवर्तनांक किती बदलतो, हे रिचर्ड सोरेफ व ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये हिशेबाने दाखवले, आणि त्या तत्त्वावर इंटेलने २००४ मध्ये एक गिगाहर्ट्झपलीकडे चालणारा सिलिकॉनचा प्रकाश-नियंत्रक सिद्ध केला.

इंटेलने २०२० मध्ये स्विच-चिप व प्रकाशीय भाग एकाच आधारपट्टीवर बसवून दाखवले. ब्रॉडकॉमच्या हम्बोल्ट या यंत्रात चिपची निम्मी दारे प्रकाशाची आणि निम्मी विजेची ठेवली होती, तर त्यानंतरच्या बेलीमध्ये सर्व ५१.२ लाख कोटी बिट प्रकाशातून बाहेर पडतात. २०२५ मध्ये एन्व्हिडियानेही याच धर्तीचे स्विच जाहीर केले. परंतु सिलिकॉन स्वतः प्रकाश नीट निर्माण करू शकत नाही. लेसर इंडियम फॉस्फाइडसारख्या निराळ्या अर्धवाहकाचा लागतो, तो उष्णतेने लवकर झिजतो, आणि शेकडो वॅट उष्णता सोडणाऱ्या चिपच्या शेजारी त्याला ठेवणे म्हणजे एका लेसरच्या बिघाडापायी संपूर्ण स्विच बदलण्याची पाळी ओढवून घेणे होय. म्हणून ब्रॉडकॉम व एन्व्हिडियाच्या यंत्रांत रूपांतराचा भाग चिपपाशी गेला असला तरी लेसर समोरच्या पट्टीवरील काढता येणाऱ्या खाचेतच ठेवले आहेत, आणि तेथून निघालेला अखंड प्रकाश तंतूने चिपपर्यंत नेऊन तेथे त्यावर माहिती चढवली जाते.