हँडल ते ऑटो-स्टॉप : मोटारीच्या बॅटरीचा इतिहास

१/ भंडारदऱ्याच्या वाटेवर, घोटीच्या कोंडीत गाडी थांबते आणि इंजिन आपोआप बंद होते. नवखा चालक धास्तावतो. हा बिघाड नव्हे. यामागे शतकभराचा इतिहास आहे.

२/ भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. तेव्हा बहुतेक मोटारी हँडल फिरवून सुरू करत. ते उलट फिरले, तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर आला आणि बॅटरी मोटारीत कायमची स्थिरावली.

३/ सत्तरच्या दशकात तेल महागले. उभ्या गाडीत वाया जाणारे इंधन वाचवण्यासाठी टोयोटाने इंजिन आपोआप थांबवण्याचा प्रयोग केला. भारतात महिंद्राने २००८ मध्ये स्कॉर्पिओत ही सोय दिली.

४/ मात्र बॅटरीचे काम वाढले. दिवसातून दोन-चारदा नव्हे, प्रत्येक सिग्नलला तिने इंजिन जागे करायचे! म्हणून अशा गाड्यांत एजीएम किंवा ईएफबी बॅटरी असते. साधी बसवल्यास लवकर थकते.

५/ चार्ज कमी असेल, तर यंत्रणा इंजिन थांबवतच नाही. पुढच्या स्टार्टसाठी वीज राखते. पण हे रोजचेच झाले, तर घाट चढण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी. केटरिंग यांनी हद्दपार केलेले हँडल आता मदतीला येणार नाही.