एका फाइलची शंभर नावं

ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवरची प्रणाली बसवलेल्या वायफाय राउटरमध्ये लॉगइन केलं, की पडद्यावर आधी एक नाव येतं: बिझीबॉक्स. मग 'बिन' फोल्डरमध्ये डोकावावं. यादी दाखवणारी 'एलएस', कॉपी करणारी 'सीपी', मजकूर शोधणारी 'ग्रेप', सगळ्या कमांड हजर. पण एकेका नावापुढे बाण, आणि बाण एकाच फाइलकडे. काम करणारी ती एकटी, बाकी नुसती नावं.

या फाइलचा जन्म फ्लॉपीपायी झाला. 1995 साली ब्रूस पेरेन्स डेबियन लिनक्सचं काम बघत होते. पोटापाण्याची नोकरी पिक्सारमध्ये. त्यांना अशी एकच फ्लॉपी हवी होती, की तिच्यावरून डेबियन बसवताही यावं आणि अडलेला संगणक सुरू करून दुरुस्तही करता यावा. जागा 1.44 एमबी, त्यातला मोठा वाटा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. उरलेल्या जागेत कमांड सुट्या सुट्या ठेवल्या, तर प्रत्येकीबरोबर तेच सामान पुन्हा येतं: फाइलचा मथळा, सुरू होतानाचा कोड, लायब्ररीतली तीच फंक्शनं. पेरेन्सनी सगळ्या कमांड एका प्रोग्रॅममध्ये कोंबल्या. हाक कोणत्या नावाने आली ते पाहून तो कामाला लागतो. घरी बाबा, कचेरीत साहेब, गावी तात्या, माणूस एकच.

युक्ती मुळात युनिक्सची. बिल जॉय यांचे 'एक्स' आणि 'व्हीआय' हे संपादक म्हणजे दोन नावांचा एकच प्रोग्रॅम. पण पेरेन्सनी अख्खं घर एका माणसावर चालवलं, आणि त्यातून नुसती डिस्क वाचली नाही. एकाच वेळी दहा कमांड चालू असल्या, तरी सगळ्यांचा कोड एकाच फाइलचा, म्हणून कर्नल तो रॅममध्ये एकदाच ठेवतो. राउटरसारख्या उपकरणात मला हा फायदा मोठा वाटतो.

पुढे लिनक्स छोट्या उपकरणांत शिरलं आणि काटकसरीला सोबती मिळाले. भारदस्त जीलिबसी या सी लायब्ररीऐवजी एरिक अँडरसन यांची लहानशी यूसीलिबसी आली. बिझीबॉक्सही बरीच वर्षं त्यांनीच सांभाळलं. 2002 मध्ये फिलिप लाउगर यांनी स्क्वॉशएफएस आणलं. त्यात फाइलप्रणाली दाबून ठेवलेली असते, हवा तो तुकडा वाचताना उलगडतो.

त्याच वर्षी लिंकसिसचा डब्ल्यूआरटी54जी राउटर बाजारात आला. आत लिनक्स असल्याचं लोकांनी ओळखलं, लिनक्सच्या परवान्यानुसार कोड मागितला, 2003 मध्ये तो मिळाला आणि 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. सुरुवातीच्या बहुतेक मॉडेलांत 4 एमबी फ्लॅश आणि 16 एमबी रॅम. 2005 मध्ये कंपनीने पाचव्या आवृत्तीत दोन्ही निम्मी केली आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी प्रणाली घातली. ग्राहकाच्या हातातलं स्वातंत्र्य काही मेगाबाइटांसाठी गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. लिनक्सवाला राउटर पुढे डब्ल्यूआरटी54जीएल या वेगळ्या नावाने विकला गेला.

आता 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमचा राउटर घेऊ नका, असं ओपनडब्ल्यूआरटीच बजावतं. कर्नल फुगला आहे. ओपनडब्ल्यूआरटीतली बिझीबॉक्सची फाइल मात्र अजूनही 1.44 एमबीच्या फ्लॉपीत आरामात मावते.