बिगुलाचे पांच स्वर

माणसाच्या आठवणींत सर्वांत हट्टी आठवण कोणती असा प्रश्न केला, तर पुष्कळ जण आईच्या हातच्या एखाद्या पदार्थाचें नाहीं तर आजोळच्या वाटेचें नांव घेतील. माझें उत्तर थोडें निराळें आहे. एका जिल्ह्याच्या गांवीं शाळेंत असतांना मी तीन वर्षें बिगूल वाजवीत असें. थंडींतल्या पहांटे पितळेची तोंडी ओठांना लावली कीं ती विस्तवासारखी झोंबे, आणि तासाभरानें ओठ इतके जड होत कीं घरीं गेल्यावर चहाचा घोटहि नीट घेववत नसे. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनानंतर शाळाशाळांच्या पथकांची चढाओढ होत असे. एका वर्षीं अगदीं शेवटच्या ललकारींत माझा वरचा पंचम फुटला. आमची शाळा दुसरी आली. तें माझ्यामुळें झालें असें कोणी म्हटलें नाहीं. पण मला मात्र चाळीस वर्षें झालीं तरी तसेंच वाटत आलें आहे.

हें घरगुती पुराण सांगण्याचें कारण असें. अलीकडे अमेरिकेंतील पडघम-बिगूल पथकांचा इतिहास वाचण्याचा योग आला, आणि त्या ओघांत जुन्या वादकांच्या कांहीं आठवणीहि वाचनांत आल्या. साठीसत्तरी उलटलेले हे गृहस्थ. कोणी संसारांत सुखी, कोणी दुःखी; परंतु सोळाव्या-सतराव्या वर्षीं ज्या रांगेंत ते उभे होते त्या रांगेविषयीं बोलतांना सर्वांचा सूर एकच होतो. ही ओढ नुसत्या सरत्या तारुण्याची आहे, कीं तिच्यांत आणखी कांहीं आहे? या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या आधारानें करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम या वाद्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. बिगुलाला बासरीसारखीं छिद्रें नसतात, कीं कळाहि नसतात. पितळेची एक गुंडाळलेली नळी. ओठ आवळावे किंवा सैल सोडावे, आणि निसर्ग देईल तेवढेच स्वर घ्यावे. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर षड्ज, पंचम, वरचा षड्ज, त्यावरचा गंधार आणि त्यावरचा पंचम, एवढीच त्याची नित्याची संपत्ति. ऋषभ नाहीं, मध्यम नाहीं, धैवत-निषाद नाहींत. अशा दरिद्री वाद्यानें राग काय गावा! म्हणून शतकानुशतकें त्याचें काम हुकूम पोचविण्याचेंच राहिलें. उठा, जमा, चाल करा, मागें फिरा, निजा. अमेरिकन सैन्यांत दिव्यें मालवण्याच्या वेळीं आणि दफनाच्या प्रसंगीं जी धून वाजते, ती यादवीच्या काळांत १८६२ सालीं व्हर्जिनियांतील छावणींत जनरल डॅनिएल बटरफील्ड यानें सिद्ध केली. अवघे चोवीस आघात आणि त्यांत चारच निरनिराळे स्वर. तरीहि ती ऐकतांना ऐकणाराचा गळा दाटून येतो. दारिद्र्याचें सामर्थ्य कधींकधीं असें असतें.

पहिलें महायुद्ध संपल्यावर सैनिक घरीं परतले आणि १९१९ सालीं त्यांनीं ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना काढली. गांवोगांव तिच्या शाखा निघाल्या. सैन्याचे शिलकी बिगूल व पडघम स्वस्तांत मिळत होते, वाजविणारे हातहि होते, आणि खंदकांतून परतलेल्या माणसांना एकत्र येण्यास निमित्त हवें होतें. शाखाशाखांचीं पथकें उभीं राहिलीं आणि लवकरच वार्षिक अधिवेशनांत त्यांच्या स्पर्धा होऊं लागल्या. परदेशीं लढून आलेल्या सैनिकांच्या दुसऱ्या एका मोठ्या संघटनेनेंहि तोच पायंडा पाडला. पुढें बापांच्या हातांतले बिगूल मुलांच्या हातीं आले. कोठें लीजनच्या शाखेनें, कोठें बालवीरांच्या तुकडीनें, तर कोठें चर्चनें मुलांचीं पथकें काढलीं. न्यू जर्सींतील गारफील्ड या गांवीं १९३४ सालीं ‘होली नेम कॅडेट्स’ निघालें. विस्कॉन्सिनमधील मॅडिसनचें ‘स्काउट्स’ १९३८ चें. शिकागोचें ‘कॅव्हॅलियर्स’ हें १९४८ सालीं डॉन वॉरन यानें बालवीरांच्या एका तुकडींतून उभें केलें. वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या प्रांतांतील कॅस्पर या गांवीं जिम जोन्स यानें १९५७ सालीं ‘ट्रूपर्स’ स्थापिलें, आणि मुलांना जुन्या घोडदळाचा निळा पोशाख चढविला.

या पथकांचा एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. एकविसावें वर्ष ही सभासदत्वाची सीमा. त्यानंतर कितीहि निष्णात असला तरी वादकानें रांग सोडलीच पाहिजे. आपल्याकडे चार आश्रम सांगितले आहेत, पण एका आश्रमांतून दुसऱ्यांत जाण्याचा दिवस कोणी ठरवून दिला नाहीं. येथें तो ठरलेला असे. उन्हाळ्याच्या अखेरच्या स्पर्धेंत शेवटची सलामी झाली कीं त्या तरुणाचें एक आयुष्य तेथेंच संपे. ज्या सुखाचा शेवट आधींच ठाऊक असतो तें सुख माणूस अधिक घट्ट धरतो. या आठवणींच्या तीव्रतेचें एक कारण तेथें आहे.

दुसरें कारण स्पर्धेच्या पद्धतींत सांपडतें. पथक मैदानाच्या एका टोकाकडील रेषेवरून आंत शिरे, वाजवीत व व्यूह बदलीत सारें मैदान आक्रमी आणि दुसऱ्या टोकानें बाहेर पडे. मध्यें राष्ट्रध्वजाला सलामी द्यावीच लागे. हा वेळपर्यंत परीक्षक दूर गॅलरींत बसून नसत. कागद-पेन्सिल घेऊन ते रांगांमधून हिंडत. कोणाचा पाय चुकला, कोणाची टिपरी मागें पडली, कोणाचा स्वर घसरला कीं कागदावर एक खूण होई, आणि त्या प्रत्येक खुणेमागें पथकाचा एक दशांश गुण कापला जाई. परिपूर्णतेपासून आरंभ करावयाचा आणि उणें होत होत जें उरेल तो निकाल, असा तो हिशेब होता. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत कित्येकदां दशांशांचेंच अंतर राही.

ही पद्धति क्रूर होती यांत संशय नाहीं. पण तिनें एक गोष्ट शिकविली, ती अशी कीं कोणाहि एकाच्या बहादुरीनें पथक जिंकत नाहीं, परंतु कोणाहि एकाच्या चुकीनें तें हरूं शकतें. ज्या मुलाला वर्गांत कोणी विचारीत नसे, तो येथें शंभरांपैकीं एक असूनहि अपरिहार्य होता. आपल्यावांचून कोणाचें अडतें ही जाणीव तरुणपणीं फार थोड्यांच्या वाट्याला येते. ती ज्याला एकदां मिळाली त्याला ती विसरतां येत नाहीं.

त्यांतच उन्हाळ्यांतील प्रवासाची भर. जुनाट बसमधून रात्रभर जावयाचें, परक्या गांवच्या शाळेच्या व्यायामशाळेंत जमिनीवर निजावयाचें, दिवसभर उन्हांत सराव करावयाचा आणि संध्याकाळीं गणवेषाचीं बटणें चकचकीत करून मैदानावर उभें राहावयाचें. वाद्यें आणि गणवेष बहुधा शाखेचे नाहीं तर चर्चचे असत, त्यामुळें कारखान्यांतील कामकऱ्यांच्या मुलांनाहि तेथें जागा मिळे. गांवांतल्या बायका गणवेष शिवीत, बाप गाडी हांकीत, आणि पथक जिंकून आलें म्हणजे गांव जिंके.

पण प्रत्येक जुन्या व्यवस्थेच्या पोटांत तिच्याविरुद्धचें बंड वाढत असतें. नियम, परीक्षक आणि पारितोषिकें सारीं माजी सैनिकांच्या संघटना ठरवीत. घाम गाळणाऱ्या पथकांस तेथें आवाज नसे. १९७१ सालीं कॅव्हॅलियर्स, मॅडिसन स्काउट्स, ट्रूपर्स, ला क्रॉसचें ‘ब्लू स्टार्स’ आणि कॅलिफोर्नियांतील ‘सॅंटा क्लारा व्हॅन्गार्ड’ या पांच पथकांनीं एकजूट केली. त्यांतून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही पथकांची स्वतःची संस्था जन्मास आली. तिची पहिली अजिंक्यपद-स्पर्धा ऑगस्ट १९७२ मध्यें विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथें झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ‘अॅनाहाइम किंग्जमेन’ पथकानें ती जिंकली.

यापुढील इतिहास हा कलेच्या मुक्ततेचा आहे. १९३० नंतरच्या दशकांत बिगुलाला एक आडवी कळ मिळालीच होती. ती दाबली कीं स्वरांची दुसरी पंक्ति हातीं येई. १९६० नंतरच्या दशकाअखेर दुसरी युक्ति आली, १९९० सालीं तिसरी कळ मान्य झाली आणि २००० सालीं कोणत्याहि पट्टींतील पितळी वाद्यास परवानगी मिळाली. म्हणजे नांव बिगुलाचें राहिलें, वाद्य मात्र तें राहिलें नाहीं. १९८४ पासून ती दशांशाची कापाकापहि गेली. चुका मोजण्याऐवजी कर्तृत्व तोलण्याची रीत आली. व्यूहरचना इतकी सूक्ष्म आणि धाडसी झाली कीं जुन्या काळच्या सरळ रांगा त्यापुढें पोरकट वाटाव्या. जुने लोक कांहींहि म्हणोत, आजचा वादक कालच्या वादकाहून सरस आहे हें मान्य केलेंच पाहिजे. शिवाय कित्येक नांवाजलेलीं पथकें केवळ मुलांचींच होतीं. त्यांपैकीं कांहींचीं दारें तर अगदीं गेल्या कांहीं वर्षांतच मुलींस उघडलीं. स्मरणाच्या सोनेरी उन्हांत ही सावली दिसत नाहीं, म्हणून इतिहासकारानें ती दाखवावी लागते.

मग हरवलें काय? हरवलीं तीं गांवें. देशभर हिंडल्यावांचून अजिंक्यपद नाहीं, आणि हिंडण्यास पैसा हवा. १९७३ च्या तेलटंचाईनें इंधन महागलें, शिक्षकांचीं वेतनें व वाद्यांच्या किंमती वाढल्या, आणि चर्चच्या किंवा शाखेच्या पाठबळावर चालणारीं लहान पथकें एकामागून एक मिटलीं. एके काळीं शेंकड्यांनीं मोजावीं लागणारीं तरुणांचीं पथकें. आज अव्वल वर्गांत वीसएक उरलीं आहेत. त्यांत दूरदूरच्या राज्यांतून निवडून आलेले तरुण असतात, आणि एका उन्हाळ्यासाठीं त्यांना स्वतःच्या पदरचे हजारों डॉलर मोजावे लागतात. पथकाच्या नांवांत गांव आहे. पण गांवांत पथक असेलच असें नाहीं.

या सर्व कथेंतील मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग किंग्जमेनचा आहे. १९७२ चें तें पहिलें विजेतें पथक काळाच्या ओघांत टिकलें नाहीं. परंतु २००७ सालीं अजिंक्यपद-स्पर्धा कॅलिफोर्नियांत, पॅसेडेनाच्या रोज बोल मैदानांत भरली, तेव्हां त्याचे जुने सभासद पुन्हां एकत्र जमले आणि त्यांनीं त्या मैदानावर वादन केलें. त्यांना गुण मिळावयाचे नव्हते, क्रमांकहि नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वीं ज्या नियमानें त्यांना रांग सोडावयास लावली होती, तो त्यांनीं एका संध्याकाळपुरता मोडला, इतकेंच. केस पिकलेलीं, पोटें सुटलेलीं माणसें पाठ ताठ करून उभीं राहिलीं, तीं आपण उत्तम वाजवितों हें दाखविण्यासाठीं खास नव्हेत. आपली जागा अजून रिकामी आहे काय, हें पाहण्यासाठीं तीं आलीं असावीं.

हें वाचतांना माझें मन सहजच पुण्याच्या नदीकांठीं गेलें. गणेशोत्सवापूर्वीं तेथें ढोल-ताशांच्या पथकांचा सराव चालतो. कचेरींतून सुटलेले तरुण आणि महाविद्यालयांतील मुली कमरेला ढोल बांधून उभ्या राहतात. वादनाचा दर्जा, संख्या, शिस्त सारें पूर्वींपेक्षां वाढलें आहे. आवाजाविषयींची तक्रारहि वाढली आहे, आणि ती अगदींच अनाठायीं नाहीं. परंतु मला विचारावासा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. हें पथक कोणाचें? पूर्वीं पेठेचा ढोल पेठेंतलीं पोरें वाजवीत. आज पथक शहरभरांतून जमतें आणि मानधन घेऊन कोणत्याहि मंडळापुढें वाजवितें. यांत दोष नाहीं. पेठेच्या चार भिंतींबाहेरच्या मुलामुलींना त्यामुळेंच जागा मिळाली. पण अमेरिकेच्या उदाहरणावरून एवढें ध्यानांत ठेवावें, कीं कलेची उंची वाढवितांना तिच्या पायाखालची वस्ती सुटूं देऊं नये. उंची मोजतां येते. वस्ती सुटल्याचें मात्र पुष्कळ उशिरा कळतें.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. त्या वृद्ध वादकांना आठवतें तें संगीत नव्हे, विजयहि नव्हे. त्यांना आठवतो तो दशांश, म्हणजे आपल्या एका श्वासावर शंभरांचें यश अवलंबून होतें तो काळ. पुढें संसारांत आणि नोकरींत आपल्यावांचून फारसें कोणाचें अडत नाहीं, हें प्रत्येकाला हळूहळू कळून चुकतें. म्हणून जेथें अडत होतें त्या जागेकडे मन फिरून फिरून जातें.

माझ्या शाळेला गेल्या वर्षीं कांहीं कामानिमित्त भेट दिली. बिगूल एका कपाटांत होते, काळवंडलेले. शिपायानें एक काढून दिला. मीं तो सदऱ्याच्या टोकानें पुसला आणि ओठांना लावला. षड्ज आला, पंचम आला, वरचा षड्जहि कसाबसा आला. वरचा पंचम कांहीं केल्या येईना. दारांत जमलेलीं पोरें हंसूं लागलीं. त्यांतल्या एकानें मात्र हात पुढें करून विचारलें, “सर, मी वाजवून पाहूं?” मीं बिगूल त्याच्या हातीं दिला.