रकान्यातली विधवा

अमेरिकेतल्या ज्यू घरांत एक कथा हमखास ऐकायला मिळते: आमचे मूळ आडनाव वेगळे होते, एलिस बेटावरच्या कारकुनाने ते बदलून टाकले. कथा गोड आहे, पण कागद तिला दुजोरा देत नाहीत. प्रवाशांची यादी एलिस बेटावर होतच नसे. ती आगबोट कंपनीची माणसे हांबुर्ग, ब्रेमेन, रॉटरडॅम अशा बंदरांत करत. न्यूयॉर्कचा तपासनीस ती समोर ठेवून प्रश्न विचारी. जोडीला दुभाषे असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला गार्डिया यांनी १९०७ ते १९१० या काळात तिथे हेच काम केले. आडनावे बदलली ती लोकांनी स्वतः आणि नंतर. नोकरीसाठी, पोरांच्या शाळेसाठी, नुसते सुटसुटीत वाटले म्हणून. आणि काहींनी, कोणाला सापडू नये म्हणून.

१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून २० लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. घरातला पुरुष बहुधा आधी जायचा, शिवणकामाच्या कारखान्यात राबून किंवा फेरी करून पैसे साठवायचा आणि मग बायकोमुलांची तिकिटे धाडायचा. मधल्या वर्षांत काही नवरे हरवले. बायको येऊन पोहोचल्यावरही काही हरवले.

न्यू जर्सीत राहत असताना शेजारच्या कुटुंबासाठी मी असाच एक नवरा शोधत होते. पणजोबा क्षयाने वारले, असे त्या घरात तीन पिढ्या सांगत आल्या होत्या. १९२० च्या जनगणनेतही पणजीच्या नावापुढे ‘विधवा’ आहे, मातृभाषा यिद्दिश, घरात तीन मुले आणि एक भाडेकरू. पण शहराच्या मृत्युनोंदींत पणजोबा कुठेच सापडेनात.

शेवटी ते सापडले नॅशनल डेझर्शन ब्युरोच्या कागदांत. पळालेल्या नवऱ्यांना हुडकून पोटगी द्यायला लावणे एवढ्यासाठीच ज्यू धर्मादाय संस्थांनी १९११ मध्ये हा ब्युरो काढला होता. त्याची कागदपत्रे आज न्यूयॉर्कच्या यिवो संस्थेत आहेत. ‘फोर्व्हर्ट्स’ या यिद्दिश दैनिकात ‘गायब झालेल्या नवऱ्यांचे दालन’ अशा अर्थाचे सदर येई: छायाचित्र, नाव, वय, अंगावरच्या खुणा. लग्नात काढलेला फोटो बायकोच आणून देई.

मराठीत अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात, जणू ती वस्तू आहे. हिब्रूतला शब्द ‘अगुना’, म्हणजे बांधून ठेवलेली. नवऱ्याने धर्मशास्त्राप्रमाणे सोडपत्र दिले नाही, तर तिला दुसरे लग्न करता येत नाही. तो मेल्याचा पुरावा नसेल तर जन्मभर नाही. अमेरिकेचा कायदाही तिला फारसा सैल नव्हता. १९२२ पर्यंत विवाहित स्त्रीचे नागरिकत्व नवऱ्याच्या मागोमाग जाई. विधवेला स्वतःचा अर्ज करता येई, नवरा पळालेलीला नाही. म्हणून जनगणनेच्या कारकुनाला ‘विधवा’ असे सांगणाऱ्या बाईला मी खोटारडी म्हणणार नाही. तिच्यासाठी त्या कागदावर दुसरा रकानाच नव्हता.

ब्युरोच्या चिठ्ठीवर एवढेच होते: १९१६ मध्ये घर सोडले, शिकागोत दिसल्याचे कोणी सांगितले. शिकागो भागातल्या नागरिकत्व-अर्जांची सूची साउंडेक्सने, म्हणजे आडनावाच्या उच्चारावरून लावलेली आहे. ही पद्धत इंग्रजी कानासाठी बेतलेली असल्याने मॉस्कोविट्झ डब्ल्यूने लिहा की व्हीने, तिच्या लेखी ती दोन वेगळी घराणी होतात. (आपल्या वाघांनाही हा ताप ठाऊक असेल.) पूर्व युरोपातल्या नावांसाठी डेच आणि मोकोटॉफ यांनी १९८५ मध्ये वेगळी पद्धत बसवली, पण जुनी कार्डे जुन्याच क्रमाने आहेत. नाव बदलणारा माणूस पहिले अक्षर सहसा सोडत नाही, एवढ्या आशेवर मी त्या अक्षराची कार्डे एकामागून एक पाहत गेले.

१९०६ च्या कायद्यानंतर अर्जदाराला बोटीचे नाव आणि उतरल्याची तारीख द्यावी लागे, आणि सरकार ती मूळ यादीशी ताडून दाखला देई. आडनाव निम्मे कापता येत होते. बोट बदलता येत नव्हती. १९२६ च्या एका अर्जात तीच बोट निघाली, १९०८ ची तीच तारीख, जन्मगाव मिन्स्कजवळचे तेच. त्या बोटीच्या यादीत मायदेशातला जवळचा नातलग या रकान्यात पणजीचे नाव होते. अर्जात पत्नी म्हणून दुसरीच बाई होती.

शेजारच्या आजींना मी अर्जाची प्रत दिली. त्यांनी ती आधी घडी करून ठेवली आणि दोन दिवसांनी उघडली. मग शिकागोच्या त्या घरातल्या नातवंडांना पत्र लिहायचे की नाही, यावर घरात दोन तट पडले. अजून पत्र गेलेले नाही.

अर्जात मुलांसाठीही जागा असते. तिथे पाच नावे आहेत: दोन शिकागोची आणि तीन न्यूयॉर्कची, जन्मतारखा अचूक. थोरली मुलगी मिन्स्ककडे जन्मलेली, तेव्हा १९ वर्षांची. वडील नागरिक झाले की देशात राहणारे अज्ञान मूल आपोआप नागरिक होई, म्हणजे त्या दिवशी ती अमेरिकन झाली होती. तिला हे कोणी कळवले नाही. १९३४ मध्ये तिने स्वतः रांगेत उभे राहून, फी भरून नागरिकत्वाचा अर्ज केला.